टक्का कशावरचा? बचत गटाच्या दाल मिलचा हिशेब

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून बोलता येईल. आर्णी तालुक्यातल्या तुमच्या बचत गटाने मिनी दाल मिल घेतली. तूर ७५ रुपये किलोने घेतली. डाळ करताना २५ टक्के घट येते असं मशीनवाल्याने सांगितलं, म्हणून ७५ वर २५ टक्के चढवून डाळीचा खर्च किलोला ९४ रुपये धरला. त्यावर २५ टक्के नफा लावला आणि पाकिटावर ११७ रुपये छापले. किराणा दुकानदारांना २० टक्के सूट दिली. पंचविसातून वीस गेले, पाच टक्के उरायलाच पाहिजेत, असा हिशेब. पण माल विकून झाल्यावर पेटीत तुरीचे पैसेसुद्धा पुरते परत आले नाहीत. तुमचं म्हणणं असं की अपूर्णांक आणि टक्केवारी शाळेत कधी पक्की झालीच नाही, तर आता पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी का.

मी बरीच वर्षं हिंगणघाटला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, हिशेब लिहिले, आता वर्धा-यवतमाळकडच्या गटांच्या वह्या पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो, पाचवीच्या पुस्तकाची गरज नाही. तुमचा एकही गुणाकार चुकलेला नाही. पंच्याहत्तरचे २५ टक्के पावणेएकोणीस होतात, ते तुम्ही बरोबरच काढले. गडबड झाली ती टक्के कशाचे आहेत हे न पाहता त्यांची बेरीज-वजाबाकी केल्यामुळे. घटीचे २५ टक्के हे तुरीच्या वजनाचे. नफ्याचे २५ टक्के हे तुमच्या खर्चाचे. सुटीचे २० टक्के हे छापील किमतीचे. तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे भाग आहेत. पंचविसातून वीस वजा करणं म्हणजे पोत्यातून लिटर वजा करण्यासारखं झालं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तूर शेतकऱ्याच्या खळ्यावरून ओली घेतली की बाजार समितीतून वाळलेली, मिल नीट लावलेली आहे का, चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफल विकलं का, भांडवल गटाच्या बचतीतलं की कर्जाचं, यावर शेवटचा आकडा पुष्कळ हलतो. खाली मी काही आकडे धरून चालतो. तुम्ही तिथे तुमचे घाला, रीत तीच राहील.

अपूर्णांक येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. ते मला पटत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तुमच्या तोंडात दिवसभर असतात. बटईने शेत केलं की अर्धा माल कोणाचा आणि खताचा अर्धा खर्च कोणाच्या माथी, हे गावातल्या कोणालाही कागदाशिवाय सांगता येतं. पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की पीक निम्म्याच्याही खाली गेलं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. टक्का म्हणजे याच पाव-अर्ध्याला शंभराच्या मापात लिहिणं. अर्ध्याचे ५०, पावाचे २५, पाचव्या हिश्शाचे २०, आठव्याचे साडेबारा, दहाव्याचे १०, विसाव्याचे ५. एवढे पाठ असले तरी दुकानातलं बहुतेक काम निभतं. माझा आग्रह असा की टक्के दिसले की आधी त्यांचा अपूर्णांक करा, विचार अपूर्णांकात करा, आणि लिहिताना परत टक्के लिहा. कारण 'पाव' म्हटलं की माणूस आपोआप विचारतो, कशाचा पाव? 'पंचवीस टक्के' म्हटलं की तो प्रश्न डोक्यात येत नाही.

आता घटीकडे येऊ. गटाच्या बैठकीत मी हे सुपात करून दाखवतो. सुपात चार वाट्या तूर ठेवायची. एक वाटी म्हणजे एक किलो समजा. वाटीचे ७५ रुपये, चार वाट्यांचे ३००. मिलमधून काढल्यावर पाव भाग गेला, म्हणून एक वाटी उचलून बाजूला ठेवायची. सुपात राहिल्या तीन. पण दिलेले ३०० रुपये काही कमी झाले नाहीत, ते सगळे आता या तीन वाट्यांच्याच डोक्यावर आले. ३०० भागिले ३, वाटीला १०० रुपये. म्हणजे डाळीचा खर्च ९४ नाही, १०० आहे. आणि अजून यात वीज-मजुरी धरलेलीच नाही.

इथे हमखास कोणीतरी विचारतं, "घट गेली पाव, मंग भाव बी पावानंच वाढला पाहिजे ना जी?" रास्त शंका आहे. उचललेल्या वाटीचे ७५ रुपये आपल्याला उरलेल्या वाट्यांवर वाटायचे आहेत. उरलेल्या वाट्या चार नाहीत, तीन आहेत. म्हणून प्रत्येकीवर २५ रुपये चढले, आणि २५ हा ७५ चा तिसरा हिस्सा आहे. वजन पावाने घटलं तर भाव तिसऱ्या हिश्शाने चढतो. टक्क्यांत सांगायचं तर २५ टक्के घटीला सव्वातेहतीसहून थोडी जास्तच वाढ लागते, नेमकं सांगायचं तर ३३ पूर्णांक एक तृतीयांश टक्के.

हे एकदा सुपात पाहिलं की बाकीचं स्वतः काढता येतं. पाचवा हिस्सा गेला तर उरतात चार हिस्से, म्हणून गेलेला हिस्सा चारांवर वाटायचा, पाव चढवायचा. दहावा हिस्सा गेला तर नववा हिस्सा चढवायचा. उलट्या बाजूनेही तसंच. पाव चढवला की चाराचे पाच हिस्से होतात. आता त्यातला पाचवा हिस्सा काढला की परत चारच उरले, जिथून निघालो तिथेच आलो. तुमच्या नफ्याचं आणि सुटीचं नेमकं हेच झालं. २५ टक्के चढवले म्हणजे पाव चढवला, २० टक्के सूट दिली म्हणजे पाचवा हिस्सा काढला. मध्ये पाच टक्के उरलेच नाहीत. उरलं शून्य. पैसे न तोडता करून पाहा: ७५ वर पाव चढवला, ९३ रुपये ७५ पैसे. त्यावर पुन्हा पाव, ११७ रुपये १९ पैसे. त्यातला पाचवा हिस्सा दुकानदाराला, हातात परत ९३ रुपये ७५ पैसेच.

म्हणजे माल किलोला १०० रुपयांना पडला आणि विकला पावणेचौऱ्याण्णवला. किलोमागे सव्वासहा रुपये गेले. शंभरात सव्वासहा म्हणजे सोळावा हिस्सा. १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे होते, त्या हिशेबात रुपयामागे एक आणा गेला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आण्यात सांगून बघा, लगेच कळेल.

पण मला शंका आहे की तुमचा तोटा याहून मोठा आहे. मशीनवाला '७५ टक्के उतारा', म्हणजे शंभर किलोतून ७५ किलो डाळ, सांगतो तेव्हा तो मिलच्या तोंडात टाकलेल्या तुरीचा असतो. निवडलेल्या, तेल-पाणी लावून वाळवलेल्या तुरीचा. तुम्ही पैसे मोजले ते खळ्यावर तोललेल्या तुरीचे. या दोन वजनांत फरक असतो आणि तो बहुतेक गटांच्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो.

समजा खळ्यावरच्या तुरीत १६ टक्के ओलावा होता आणि दळायच्या आधी तुम्ही ती १० टक्क्यांवर आणली. सगळ्यांना वाटतं, सहा टक्के ओलावा गेला, म्हणजे क्विंटलमागे सहा किलो कमी झाले. तसं नाही. १०० किलोत १६ किलो पाणी, म्हणजे ८४ किलो कोरडा दाणा. हा ८४ किलो दाणा उन्हात उडून जात नाही, जातं ते फक्त पाणी. वाळल्यावर ओलावा १० टक्के राहिला, म्हणजे आता तोच ८४ किलो दाणा नव्या वजनाचा ९० टक्के झाला. ८४ भागिले ९०, गुणिले १००, येतात ९३ किलो ३३० ग्रॅमच्या आसपास. सहा नाही, पावणेसातच्या जवळ किलो कमी झाले. कारण आधीचे १६ टक्के हे ओल्या वजनाचे होते, नंतरचे १० टक्के वाळलेल्या वजनाचे. त्यांची सरळ वजाबाकी होत नाही.

आता या ९३.३३ किलोचा पाऊण, म्हणजे ७० किलो डाळ. क्विंटलभर तूर विकत घेतली आणि हातात ७५ नाही, ७० किलो डाळ आली. वाळवून पंधरातले चौदा हिस्से उरले, आणि दळून त्यांचा पाऊण. एकामागून एक घटी येतात तेव्हा उरलेल्या हिश्शांचा गुणाकार करायचा, गेलेल्या टक्क्यांची बेरीज करायची नाही. सात हजार पाचशे भागिले सत्तर, किलोला १०७ रुपये १४ पैसे. तुम्हाला दुकानदाराकडून मिळाले पावणेचौऱ्याण्णव, म्हणजे सत्तर किलोचे साडेपासष्टशेच्या थोडे वर. साडेसात हजारांपैकी साडेनऊशेच्या आसपास गेले. नेमका आठवा हिस्सा. रुपयामागे एक आणा नाही, दोन आणे.

तूर बाजार समितीतून वाळलेली घेतली असेल तर ओलाव्याची ही घट लागू नाही, पण माती-काडी निवडण्याची घट थोडीफार राहतेच. आणि पोत्यामागे कटती, म्हणजे वजनातून कापलेला माल, कोण कोणाला देतो तेही बघा. एक किलो कटती शंभर किलोमागे असेल तर एक टक्का, पन्नास किलोच्या पोत्यामागे असेल तर दोन टक्के. बोलताना दोन्हीला 'किलोची कटती' असंच म्हणतात.

जिनिंगमध्ये हा प्रश्न रोजचा असतो, म्हणून तिथले लोक उताऱ्याबाबत फार कडक. १०० क्विंटल कापसाला ३४ टक्के उतारा पडला तर ३४०० किलो रुई, १७० किलोच्या बरोबर २० गाठी. उतारा ३३ वर आला तर ऐकणारा म्हणतो, एकच टक्का तर गेला. पण रुई शंभर किलोने कमी झाली, म्हणजे अर्ध्याहून जास्त गाठ गेली. मालक रुई विकतो. त्याच्यासाठी ती घट एक टक्क्याची नाही, चौतिसातल्या एका हिश्शाची आहे, जवळपास तीन टक्क्यांची. तुमच्याही मिलमध्ये उतारा ७५ वरून ७२ ला आला तर 'तीन टक्के कमी' म्हणून सोडून देऊ नका. डाळ पंचवीसातल्या एका हिश्शाने, म्हणजे चार टक्क्यांनी कमी झाली.

इथवर आलो ते एकदा मागे वळून पाहू. टक्के दिसले की ते कशाचे ते लिहायचं. माल घटला की सगळा खर्च उरलेल्या मालावर वाटायचा. घटी एकापुढे एक असतील तर उरलेल्या हिश्शांचा गुणाकार. आता किंमत ठरवू.

डाळीचा खर्च टक्के चढवून काढूच नका. एक क्विंटल तूर धरा आणि तिच्यावर झालेला सगळा खर्च रुपयांत मांडा. तूर ७५००. हमाली आणि गाडीभाडं १५०. तेल, वीज, मजुरी मिळून ३५०. पाकिटं आणि लेबल २००. एकूण ८२००. त्यातून चुनी आणि टरफलाचे आलेले पैसे वजा करा. ढोरांसाठी ती लोक घेतातच, पण गटात बरेचदा ती अशीच वाटली जाते आणि वहीत येत नाही. ५०० रुपये धरू. राहिले ७७००. भागिले ७० किलो, किलोला ११० रुपये. हा तुमचा खरा खर्च. हमाली किंवा पाकिटांचे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. मात्र शेवटी भागायचं ते हातात आलेल्या डाळीच्या किलोंनी, विकत घेतलेल्या तुरीच्या किलोंनी नाही.

११० वर १० टक्के नफा, ११ रुपये. दुकानदाराकडून तुम्हाला १२१ मिळाले पाहिजेत. आता दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के द्यायचे ठरले असतील तर छापायचं किती? इथे दहातले नऊ जण १२१ वर २० टक्के चढवून १४५ रुपये २० पैसे छापतात. मग दुकानदार १४५.२० चे २० टक्के कापतो, २९ रुपये ४ पैसे, आणि तुमच्या हातात ११६ रुपये १६ पैसे येतात. अकरा रुपयांचा नफा सहावर आला. बरोबर रीत अशी: दुकानदाराचा पाचवा हिस्सा गेल्यावर जे चार हिस्से उरतील ते १२१ व्हायला हवेत. एक हिस्सा सव्वातीस रुपयांचा, पाच हिस्से १५१ रुपये २५ पैसे. टक्क्यांत, १२१ भागिले ८०, गुणिले १००.

कॅल्क्युलेटरवर फार विसंबू नका, निदान त्याच्या टक्क्याच्या बटणावर तरी नको. मोबाइलवर १०० + २० % दाबलं की १२० येतं. गल्ल्याजवळ ठेवलेल्या काही साध्या कॅल्क्युलेटरवर तेच दाबलं की १२५ येतं. मशीन बिघडलेलं नसतं. मोबाइल १०० चे २० टक्के काढून चढवतो. दुसरं मशीन अशी किंमत काढतं की तिच्यातून २० टक्के गेले तर १०० उरावेत. दोन्ही उत्तरं बरोबर, फक्त प्रश्न वेगळे. गटात एकीकडे मोबाइल आणि दुसरीकडे तसा कॅल्क्युलेटर असला की वाद होतात, आणि प्रामाणिक बाईवर संशय येतो. हे मी होताना पाहिलं आहे. म्हणून टक्क्याचं बटण सोडा, गुणाकार-भागाकार करा.

दुकानदाराशी बोलतानाही हे कामी येतं. छापील किमतीचे २० टक्के घेणारा दुकानदार स्वतः गुंतवलेल्या पैशावर २५ टक्के कमावतो. १२१ ला घेऊन १५१.२५ ला विकलं, सव्वातीस रुपये सुटले, ते १२१ चे बरोबर पाव आहेत. डाळीसारख्या रोज खपणाऱ्या मालावर एवढं कमिशन मला जास्त वाटतं. १० टक्क्यांवर तयार झाला तर १२१ भागिले ९०, गुणिले १००, एकशे साडेचौतीस रुपयांच्या आसपास, म्हणजे १३४ रुपये ५० पैसे छापून भागेल आणि गिऱ्हाइकालाही बरं पडेल. १५१ ची डाळ तुमच्या भागात खपेल का, हे गणिताने ठरत नाही, बाजारात शेजारच्या डाळीला काय भाव आहे त्यावर ठरतं. खपत नसेल तर कमिशन कमी करा, तूर स्वस्त मिळेल तिथून घ्या किंवा उतारा वाढवा. पण खर्चाचा आकडा लहान लिहून किंमत जुळवू नका.

व्याजाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. गटातलं अंतर्गत कर्ज बरेचदा शेकडा दोन रुपये दरमहा असतं. बोलताना सगळे 'दोन टक्के' म्हणतात. बँकेचं कर्ज '१२ टक्के' म्हणतात. मग ऐकणाऱ्याला गटाचं कर्ज स्वस्त वाटतं. पण एक महिन्याचं आहे, दुसरं वर्षाचं. दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस, बँकेच्या दुप्पट. टक्क्याला 'कशाचे' विचारायचं तसं व्याजाला 'किती दिवसांचे' हेही विचारायचं.

तुम्ही फेब्रुवारीत तूर भरली आणि जूनपर्यंत डाळ विकली असेल, पैसे गटाच्या कर्जातून घेतले असतील, तर चार महिन्यांचं आठ टक्के व्याज त्या ७५०० वर बसलं. क्विंटलमागे ६०० रुपये, सत्तर किलोत किलोला साडेआठ रुपये. तुमच्या अकरा रुपयांच्या नफ्यातून अडीच राहिले. हीच डाळ महिन्याभरात विकली असती तर व्याज क्विंटलला १५०, किलोला सव्वादोनच्या आत, आणि नफा पावणेनऊच्या आसपास. म्हणून सगळी तूर एकदम भरून ठेवण्यापेक्षा थोडी-थोडी घ्या, पैसा फिरवा. भाव चढेल म्हणून साठवायची असेल तर चार महिन्यांत तो निदान आठ टक्के तरी चढला पाहिजे. नाहीतर साठवून व्याज भरलं एवढंच होईल.

मशीनसाठी कर्ज घेतलं असेल आणि त्यावर 'फ्लॅट' व्याज लिहिलं असेल तर तेही तपासा. ६०,००० रुपये, एक वर्ष, १२ टक्के फ्लॅट म्हणजे ७,२०० व्याज, महिन्याचा हप्ता ५,६००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आलात, शेवटच्या महिन्यात तर पाच हजारच बाकी होते, तरी व्याज पूर्ण साठ हजारांवरच मोजलं गेलं. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. दोन संस्थांचे दर ताडून पाहताना दोघांनाही 'घटत्या बाकीवर किती' हेच विचारा.

अनुदानाचंही तसंच. २०२५-२६ पर्यंत ठरवलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. पण ते पात्र प्रकल्प खर्चाचे ३५ टक्के, तुमच्या झालेल्या सगळ्या खर्चाचे नाहीत. तूर भरायला लागलेले पैसे धरून ३५ टक्के काढून ठेवलेत तर पुढे आकडा जुळणार नाही.

जीएसटीचं थोडक्यात. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे. सुट्या डाळीवर नाही. राज्यातच माल विकत असाल आणि उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीचं बंधन नाही, तरी तुमच्या कर सल्लागाराला एकदा दाखवून घ्या. नोंदणी असेल तर १२६ रुपयांच्या पाकिटातला कर काढायला १२६ चे ५ टक्के करू नका. १०० चा माल करासह १०५ चा होतो, म्हणजे करासकट किमतीचा एकविसावा हिस्सा कर. १२६ भागिले २१, सहा रुपये.

शिकायचं कसं, असं विचारलंत. वहीत टक्क्यांच्या आकड्यापुढे आणखी एक रकाना आखा आणि त्यावर लिहा 'कशाचे'. तो रकाना रिकामा असेल तर पुढचा हिशेब करायचा नाही, एवढा नियम गटात ठरवून घ्या. मग रोज एक आकडा पेपरातून घ्या. तुरीचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ७५५० होता, २०२५-२६ ला ८००० झाला. वाढ ४५० रुपये. किती टक्के? आधीच्या भावाचे, म्हणून ४५० भागिले ७५५०, सहाच्या किंचित आत. ८००० ने भागलं तर साडेपाचच्या थोडं वर येतं, आणि ते 'वाढ' या प्रश्नाचं उत्तर नाही. युरियाच्या पिशवीवर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं, पिशवी ४५ किलोची, म्हणजे नत्र २० किलो ७०० ग्रॅम. अशी चार-दोन उदाहरणं रोज केली की हात बसतो. घरी शाळेतली पोरं असतील तर त्यांनाही वहीसमोर बसवा. पुस्तकातल्या आंब्या-पेरूंपेक्षा आपल्या घरच्या तुरीचा हिशेब त्यांना लवकर समजतो.

आता हातात असलेल्या मालाचं. ११७ छापलेली पाकिटं अजून शिल्लक असतील तर छापील किमतीच्या वर ती विकता येणार नाहीत. खर्च ११० धरला तर मध्ये सातच रुपये आहेत. दुकानदाराला ६ टक्के दिले की ते संपतात आणि व्याज अंगावर येतं. म्हणून तो माल दुकानात देऊ नका, आठवडी बाजारात गटातल्या बायांनी स्वतः बसून ११७ ला विका. पुढची तूर घ्याल तेव्हा खळ्यावरचं वजन, वाळवल्यानंतरचं वजन, मिलमध्ये टाकलेलं वजन, डाळीचं वजन आणि चुनी-टरफलाचं वजन, हे पाच आकडे एकाच काट्यावर तोलून वहीत लिहा. ते हातात येईपर्यंत नवी लेबलं छापायला टाकू नका.